गरिबांची सावली

अमरावतीच्या बाजारात रावबहादुरांच्या ब्राँझच्या पुतळ्याखालून बाजार कमिटीने भाजीवाल्या तानुबाईला कायमचं उठवलं. प्रकरण मिटलं, आणि थोड्याच वेळात तानुबाई पुन्हा तिथंच मेथी विकत बसली होती.

"मावशी, तुले मंगाशी उठवलं ना?" कमिटीचा शिपाई पुंजाराम म्हणाला.

"उठली होती ना बापा. मंग पाय दुखले."

"सायबाच्या पायापाशी भाजी मांडून राहिली. अपमान होते त्याहीचा."

"आन उन्हात माही मेथी मान टाकते, ते?" तानुबाईने चबुतऱ्यावरच्या कोरीव अक्षरांवर बोट ठेवलं. "वाच बरं, काय लिहेल हाये."

पुंजारामने वाचलं, "गरिबांची सावली."

"मंग? सायब आपलं काम करून राहिले. तू कावून मधात पडतो?"

कमिटी पुन्हा बसली. दगडातली अक्षरं खोडता येईनात. शेवटी ठराव झाला, की सावली आहे तोवर बाईने बसावे. दुपारी सावली सरकून पलीकडच्या फुलवाल्या सत्यभामेच्या झेंडूवर गेली, आणि बाजारात कोणी कोणाच्या जागेवर बसत नाही; तानुबाईला उठावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तानुबाईने कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाकडून रीतसर अर्ज लिहवून घेतला:

"सबब विनंती की, रोज दुपारी ऊन फिरल्यावर माननीय रावबहादुरांनी चबुतऱ्यावरून उतरून अर्जदार बाईच्या दुसऱ्या अंगास येऊन उभे राहावे. मेथी संपल्यावर त्यांनी परत जागेवर जाण्यास बाईची हरकत नाही."