हसरा फोटो
स्नेहलता गेल्याचं पुण्याला कळलं त्याच संध्याकाळी सासूबाईंचा रडतच फोन आला. “यशवंतराव, तिचा हसरा फोटो पाठवा. मोबाइलमधला नको, भिंतीवर लावायला मोठा करायचाय. तुमच्या चांगल्या कॅमेऱ्यातला द्या.” यशवंतनं जर्मनीतल्या पंधरा हिवाळ्यांचे फोटो उघडले. बर्फातली शेतं, जुनी लाकडी कोठारं, बंद पडलेल्या पाणचक्क्या. माणूस कुठेच नव्हता. फोकस जुळवायला तो तिला कोठाराच्या दारात उभं करायचा. ती गारठून हसायची. “अहो, मी काय खांब आहे? माझाही काढा की!” फोकस जुळला की तो म्हणायचा, “हं, बाजूला हो.” बर्फात उमटलेली तिची पावलंसुद्धा तो घरी येऊन कॉम्प्युटरवर पुसून टाकायचा. “शोधतोय, आई,” असं तो रोज सांगतो. आज तेरावा दिवस. आपण त्या कॅमेऱ्यानं तिचा एकही फोटो काढला नाही, हे आईंना सांगायचं राहिलंय.