नागपूरला विचारून
नागपूरच्या मुख्य कचेरीचं मशीन सकाळी मुकं झालं, तेव्हापासून चंद्रकांताबाईचा पाय टेबलाखाली थांबेना. भंडाऱ्याच्या कचेरीतल्या तिच्या संगणकाला तिथल्या फायली तारेनं जोडलेल्या, म्हणून तोही उत्तराची वाट पाहत थिजलेला. आंबागडच्या यादोरावांच्या पोरीचा दाखला याच संगणकात होता, पण काहीही मागा, तो आधी नागपूरला विचारी. "बाई, तीनले पोरीची नर्सिंगची मुलाखत हाय, बाराची येष्टी गेली त?" यादोराव खिडकीतून म्हणाले. तिनं संगणकाला नागपूरचा जोड सोडायचा हुकूम दिला. सोडू का, हेही त्यानं नागपूरलाच विचारलं. "त जबरदस्तीनं तोडा ना!" यादोराव म्हणाले. "परवानगीशिवाय?" साहेब दचकले. "आधी नागपूरला पत्र लिहा." पत्राचा नमुना नागपूरच्याच फायलींत. पावणेबाराला तिनं जबरदस्तीचा हुकूम ठोकला. संगणक नागपूरला न विचारताच जागा झाला, प्रिंटर करकरला, यादोराव दाखला घेऊन पळाले. साहेबांनी घाम पुसला. "नागपूर काही बोललं तर?" "बोललं तर पेढे वाटू, साहेब. सकाळपासून आपण त्याचीच तर वाट पाहून राहिलो."