ठीक नाही, साहेब

निवृत्त हवालदार यशवंत निकमांच्या डोक्यावर नर्सने चुंबकाची टोपी चढवली आणि लेकीला, मनवाला, कडेवर घेऊन उभी असलेली त्यांची बायको वृषाली दोन पावलं पुढे सरकली. मनातली उदासी उतरवणारी ही टोपी माजी सैनिकांना सरकारी खर्चाने मिळायची. पण दर दहा बैठकांनंतर टोपीच विचारायची, "कसे आहात?" माणूस "ठीक" म्हणाला, की उपचार बंद! आज त्या दहा पुऱ्या झाल्या होत्या, आणि यशवंतांना पलटणीत शिकवलेलं एकच उत्तर ठाऊक होतं: "सब ठीक, साहेब!"

"अहो, खरं सांगा हं."

"साहेबापुढे रडगाणं गायचं होय?"

"साहेब कसला! टोपी आहे ती."

तेवढ्यात टोपीने विचारलं. यशवंतांची पाठ ताठ झाली, टाचा जुळल्या. आता घात होणार, हे ओळखून वृषाली कडाडली, "हवालदार निकम, घरचा रिपोर्ट द्या!"

ते दचकले. मग हळूच म्हणाले, "ठीक नाही, साहेब. मनवा हसते, पण मला हसू येत नाही."

आणखी दहा बैठका मंजूर झाल्या. वृषालीने पदराने डोळे पुसले.

"रिपोर्ट बरोबर दिला ना, साहेब?" यशवंतांनी तिलाच विचारलं, आणि त्यांच्या मिशीचं टोक किंचित हललं.

"अहो, हसू नका," वृषाली घाईने कुजबुजली, "टोपी अजून चालू आहे!"