परतीची रेघ

आमच्या घरी एक नियम आहे. प्रवासाहून परत आल्यावरच रस्त्यांच्या नकाशांच्या पुस्तकात लाल पेन्सिलीने रेघा ओढायच्या: एक जाण्याची, तिला चिकटून दुसरी येण्याची. तीस वर्षं त्या मीच ओढते.

शनिवारी पुस्तक उघडलं, तर पुण्याहून सोलापूर रस्त्याने एक रेघ आधीच निघालेली. लोणी काळभोरच्या जरा पुढे ती थांबली होती. परतीची रेघ नव्हती. त्याच रस्त्याने आम्ही दुसऱ्या दिवशी तुळजापूरला निघणार होतो.

"अहो, हा चावटपणा तुमचा का?"

"पेन्सिल तुझ्या कपाटात, किल्ली तुझ्या कमरेला," श्रीनिवास म्हणाले. "कुसुम, नको जायला."

"कागदाला विचारून कधीपासून जायला लागलो आपण?"

मी रेघ खोडली, पेन्सिल पर्समध्ये टाकली आणि खोडरबर कपाटात ठेवून कुलूप लावलं. सकाळी मुद्दाम तो रस्ता सोडून नगर रस्त्याला गाडी घ्यायला लावली.

वाघोलीला चहासाठी थांबलो. बॉनेटवर पुस्तक उघडलं. रेघ आता नगर रस्त्यावर होती आणि वाघोलीपाशी संपत होती.

श्रीनिवासांनी चहा अर्धाच टाकला. मी पर्समधून पेन्सिल काढली. नियम गेला खड्ड्यात! घरी पोचायच्या आधीच मी वाघोलीहून पुण्याकडे परतीची रेघ ओढू लागले.

पेन्सिल पुढे सरकत होती आणि मागून रेघ पुसली जात होती. पानावर खोडरबराचा चुरा साचत होता.

"गाडी सुरू करा," मी म्हटलं, आणि पेन्सिल उचलली नाही.