जीवराम नावाचं यंत्र

"आबा, यंत्रले डोकं नही ऱ्हास," वैजंतानं चौथ्यांदा सांगितलं. "लिखेल शे तेवढंच करानं. बाकी काहीबी व्हवो."

जीवरामनं मान हलवली आणि पुन्हा पाच लिटरचं भांडं उचललं. अंगणात चिखल झाला होता. धाकटे दोघे भाऊ ओट्यावर बसून, बापाला नाचवणाऱ्या बहिणीची मजा बघत होते.

१९९३ साल होतं. साक्रीकडच्या त्या गावात संगणक फक्त फोटोत पाहिलेला. तरी धुळ्याला संगणकाची स्पर्धा होती, आणि तीही संगणकाशिवाय. विद्यार्थ्यानं कागदावर क्रमानं आज्ञा लिहायच्या. पालकानं यंत्र व्हायचं, चकार शब्द न काढता कागद बघून त्या पाळायच्या. एक भांडं पाच लिटरचं, एक तीनचं. त्यांतून नेमकं चार लिटर पाणी मोजायचं. प्रश्न आधीच कळवला होता. ऐन वेळी एखादी बारीकशी गोष्ट बदलू, असंही कळवलं होतं. जिंकणाऱ्याला नाशिकच्या निवासी शाळेत दहावीपर्यंत सगळं फुकट.

वैजंतानं एका संध्याकाळी सहा आज्ञांत कोडं सोडवलं. यंत्राला तयार करायला मात्र आठवडा गेला.

"मी येवाव नही. गुरुजीसले लई जाय," जीवराम म्हणाला होता.

पालकच हवा, असा नियम होता. शेवटी शाळेतले सुकदेव गुरुजी घरी आले.

"जीवरामभाऊ, तुम्ही सातवी पास माणूस. तुम्हीच मागे सरलात तर बाकीच्यांनी काय करायचं?"

सगळं गाव तसंच समजे. जीवराम रोपवाटिकेवर राखणदार होता, पण खिशाला पेन लावल्याशिवाय बाहेर पडत नसे. रोज संध्याकाळी पोरीकडून पेपर मोठ्यानं वाचून घेई आणि ती अडखळली की "शब्द गिळू नको" म्हणून दटावी. असा हौशी बाप नेमका इथेच का अडून बसला, ते गुरुजींना कळेना.

"ती नाशिकले गयी ते भाकरी कोन करी?" जीवराम खाली बघत म्हणाला.

बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. गुरुजी तरीही उठले नाहीत. तासाभरानं जीवरामनं हात टेकले. वैजंतानं दाराआडून सगळं ऐकलं होतं. आबा येतील, पण मनातून नाही, एवढं तिला कळलं.

धुळ्याच्या सभागृहात टेबलं मांडली होती. वैजंतानं भांड्यांत डोकावून पाहिलं आणि पुन्हा वाकून खात्री केली. तीन लिटरच्या भांड्यात आधीच लिटरभर पाणी होतं. हीच ती बारीकशी गोष्ट. आजूबाजूच्या पोरांना तिचा पत्ताही नव्हता. तिनं ठळक अक्षरात पहिली ओळ लिहिली : तीन लिटरचं भांडं रिकामं कर. त्याखाली पाठ असलेल्या सहा आज्ञा. मागून जाताना गुरुजींनी ते वाचलं आणि डोळे मिचकावले. नाशिक आता हाताच्या अंतरावर होतं.

जीवरामनं कागद घेतला. दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरला, वरपासून खालपर्यंत सावकाश नजर फिरवली, कागद टेबलावर ठेवला. मग पाच लिटरचं भांडं उचललं आणि भरायला घेतलं.

वैजंता ओरडली असती, पण मूल बोललं की बाद. जीवराम बाकीची एकेक आज्ञा न चुकता पाळत गेला. शेवटची आज्ञा आली तेव्हा लहान भांडं काठोकाठ भरलेलं होतं, ओतायला जागाच नव्हती. तो मोठं भांडं तिरपं धरून तसाच उभा राहिला. पाणी टेबलावरून खाली सांडलं. हॉलमध्ये हशा पिकला. परीक्षकांनी फुली मारून कागद गोळा केला.

परतीच्या एसटीत दोघं शेजारी बसले.

"पहिली आज्ञा काब्र सोडी तुमी?" वैजंतानं विचारलं. "गुरुजीसनी वाची. तुमले दिसनी नही?"

जीवरामनं खिशाचं पेन नीट केलं.

"माले धाडानं नव्हतं ना?"

"हा," तो म्हणाला. "जाणीसन सोडी दिधी मी. आते चूप बस."

ती चूप बसली, ती कायमची. भाकरी करून पुढ्यात ठेवी, पण बापाशी शब्द नाही. संध्याकाळचा पेपर बंद झाला. सख्ख्या बापानं ठरवून आपलं वाटोळं केलं, हे तिच्या काळजात रुतून बसलं होतं. सुट्टी लागताच ती भावांना घेऊन सोनगीरला मामाकडे निघून गेली. तिथे तिनं मामीला सांगितलं, मला बाप नाही.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी, तेरा जूनला, ती परत आली. जीवराम दारातच उभा होता. दाढी केलेली, अंगात धुतलेला शर्ट. दीड महिना तो कोणाशी तरी बोलायची वाट बघत असावा.

"तुन्हं सर्टिफिकेट उनं," तो घाईघाईनं म्हणाला. "नाशिकथून. नंबर नही उना तरी धाडं त्यासनी. साक्रीथून काच आनी, मीच बसाडी. देख ना, पोरी."

तिला बघायचं नव्हतं. पण भाऊ आत धावले, म्हणून तीही गेली. देवांच्या तसबिरींशेजारी नवीन चौकट होती, तिला झेंडूचा हार घातलेला. काचेमागं टाइप केलेलं पत्र होतं. सर्व कागद पुन्हा तपासले असता कु. वैजंता जीवराम हिची आज्ञावली निर्दोष आढळली, चूक केवळ यंत्राची आहे, सबब तिच्यासाठी एक जागा राखून ठेवली आहे, एक जूनपर्यंत हजर न झाल्यास ती दुसऱ्यास देण्यात येईल. एवढं वाचायला तिला मान पार खाली वाकडी करावी लागली, कारण गोल शिक्का वर यावा म्हणून आबानं चौकट उलटी टांगली होती.