आणखी एक घास

“चोच उघडतंय म्हणजे भूकच लागलीये त्याला,” म्हणत आईने ड्रॉपरने पिल्लाला पुन्हा नाचणीची पेज पाजली. लव्हबर्डच्या मादीने घरट्याच्या मडक्याबाहेर ढकललेलं ते पिल्लू आई तळहातावर वाढवत होती.

“अगं, गळ्याखालची पिशवी अजून सकाळच्या पेजेने फुगलेली आहे. ती रिकामी होऊ दे आधी,” मी म्हणाले.

“उपाशी मारू का मग?” ती माझ्यावरच खेकसली.

दुपारी पिल्लू मेलं. पिशवी तशीच टम्म होती, चोचीला आंबट वास येत होता. आईने ते कोरफडीच्या कुंडीत पुरलं, हात धुतले आणि बाबांची भाताची पेज कोमट केली.

अंथरुणाला खिळलेल्या बाबांना आता गिळवत नाही, बळेच भरवू नका, असं डॉक्टर बजावून गेले होते. तरी आई रोज चमच्याने त्यांचे ओठ उघडायची. “आणखी एकच घास,” म्हणायची. बाबांचा घसा घरघरायचा.

आज तिने चमचा ओठांपाशी नेला आणि थांबली. पुरण्याआधी पिल्लाची पिशवी चाचपली होती, तसं बाबांच्या गळ्यावरून हलकेच बोट फिरवलं. मग वाटी खाली ठेवली.

“नको होतं ना हो तुम्हाला?” तिने विचारलं.