खाडीवाला आणि कबरखोद्या

"तू इतका बारीक असशील असं वाटलं नव्हतं," हार्लन टटल दारातूनच म्हणाला. "लिहितोस तर पैलवानासारखा."

"आणि तू अजून हिंडता-फिरता असशील असं मला नव्हतं वाटलं," थिओ गिड्री म्हणाला. "ये. बूट राहू देत पायात."

नऊ वर्षं हे दोघे इंटरनेटवरच्या एका चर्चाकट्ट्यावर भांडत होते. विषय एकच, हेरॉन. उपग्रहावरून चालणाऱ्या फोनची कंपनी. तिथं थिओ 'खाडीवाला' या नावानं तिची बाजू लढवायचा. हार्लन झाला होता 'कबरखोद्या'. कंपनी बुडणार, हे तो दर आठवड्याला नव्या आकड्यांनिशी सांगायचा. तोंडं मात्र त्यांनी एकमेकांची आजच पाहिली. हार्लन श्रेव्हपोर्टहून पाच तास गाडी हाकत लुइझियानाच्या या टोकाला आला होता, काखेत जाडजूड फाइल घेऊन.

ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस चालू होते. गिड्रींच्या घरी त्यातल्या एकाही दिवशी मांस शिजत नसे. थिओच्या बायकोनं, क्लोतीलनं, कोळंबीचा रस्सा आणि भात केला होता. थिओनं डोळे मिटून प्रार्थना म्हटली. हार्लननं तोवर फाइलची दोरी सोडली.

"शुक्रवारी भागधारकांचं मतदान आहे," तो म्हणाला. "त्याआधी शेअर विकून त्या कंपनीतून बाहेर पड. लिहून लिहून बोटं झिजली, तुझ्या डोक्यात शिरत नाही. म्हणून आलो."

"आधी जेव."

"सात महिने पुरेल एवढीच रोकड उरलीय. सावकार म्हणतात, कर्ज सोडतो, बदल्यात शेअर द्या. दिले तर तुझ्यामाझ्यासारख्या सगळ्यांच्या हातात मिळून कंपनीचा विसावा हिस्सा. नाही दिले तर कोर्ट, आणि हातात भोपळा."

"जुने उपग्रह थकलेत, बोलता बोलता फोन तुटतो, गिऱ्हाईक पळतं," थिओ शांतपणे म्हणाला. "सगळं कबूल. पण नव्या आठांतले चार वर गेलेत ना?"

"आणि उरलेले चार? तुझ्या प्रार्थनेनं जाणार?"

"करतो की. रोज सकाळी."

क्लोतील हसली. "करतो हो खरंच. पाद्रीबाबांनी एकदा विचारलं, हा हेरॉन कोण, आजारी आहे का."

"फार आजारी आहे, बाई," हार्लन म्हणाला.

"चर्चमध्ये केकची सोडत असते, तिचं तिकीटही हा घेत नाही. पत्ते नाहीत, पैज नाही, आईला शब्द दिलाय. आणि त्या कट्ट्यावर मात्र तावातावानं भांडतो."

थिओनं हार्लनच्या ताटात आणखी भात वाढला. "मोठं वादळ झालं, तेव्हा मी समुद्रातल्या तेलविहिरीवर वायरलेसवर होतो. किनाऱ्यावरचे फोनचे सगळे मनोरे आडवे. तीन दिवस हिचा पत्ता नाही. मग हिच्याजवळ ठेवलेला हेरॉनचा फोन लागला. चार मिनिटं बोललो. पुरामुळं छपरावर होती ही."

"वादळ ताळेबंदात धरत नाहीत, थिओ."

"तिकडे वर श्रेव्हपोर्टात धरत नसतील. आम्ही धरतो."

हार्लननं दोन घास खाल्ले. मग खालच्या आवाजात म्हणाला, "किती अडकलेत तुझे?"

"रस्सा घे अजून."

क्लोतील कॉफी करायला आत गेली. हार्लननं चमचा खाली ठेवला.

"माझे ऐंशी हजार शेअर आहेत."

थिओच्या हातातली पळी तशीच राहिली. "कबरखोद्याचे?"

"निवृत्तीचे सगळे पैसे त्यात आहेत. बायकोला, नोरीनला, अजून सांगितलं नाही. अरे, नऊ वर्षं मी विकायलाच बसतोय. विकण्याआधी सुचेल ते सगळं वाईट तिथं लिहून काढायचो. वाटायचं, कुणी खोडून काढलं नाही तर विकू. तू दर वेळी खोडून काढलंस."

"हार्लन, मी आपला..."

"थांब, बोलू दे. आज ठरवून आलो होतो. हे आकडे तोंडावर फेकायचे आणि तुझा चेहरा बघायचा. घाबरलास तर संध्याकाळच्या आत विकून मोकळा. तर तू भात वाढत बसलास." तो हसला. हसताना त्याचे खांदे सैल झाले. "सगळं पणाला लावलेला माणूस इतका स्वस्थ जेवतो, मग मीच का रात्र रात्र तळमळतोय? तू आहेस तोवर मीही आहे."

थिओनं तोंड उघडलं. हार्लननं हात वर केला.

"काही बोलू नकोस. तू बोललास की मी वाद घालणार, आणि आज मला वाद नकोय. नोरीनला फोन करतो. आज सांगून टाकतो तिला."

फाइल टेबलावरच सोडून तो उठला. दारात त्यानं थिओला घट्ट मिठी मारली, आणि गाडीत बसताना तो शीळ घालत होता.

क्लोतील तीन कप घेऊन बाहेर आली. "गेला? कॉफी न घेता?"

"खुशीत गेला."

"मग काय ठरलं त्याचं? राहणार म्हणतो त्या कंपनीत?"

"राहणार. मी आहे म्हणून."

क्लोतीलनं कप हळूच खाली ठेवले. नवऱ्याकडे बघत उभी राहिली.

थिओनं चष्मा लावला आणि हार्लनची फाइल स्वतःकडे ओढून घेतली.

"क्लोतील," तो म्हणाला, "शेअर विकत घ्यायचा तर कुठं जावं लागतं गं?"